पाणी तोडल्याचा अकरावा दिवस

दुपारचे दोन. पारा सेहेचाळीसवर.
मी संत्र्याच्या पानाला नेलपॉलिश लावते आहे.
बिनरंगाचं, बर्डीवर तीस रुपयांना मिळतं ते.
(बिलावर लिहिलं होतं : नखांचा रंग, नग सहा.
हिशेबनीस दोनदा माझ्या हातांकडे बघून गेले.)

पान उलटं धरायचं.
संत्र्याची श्वासाची भोकं सगळी पाठीला.
एक पातळ हात फिरवायचा, फुंकर नाही घालायची,
वाळलं की चिकटपट्टीनं अलगद सोलून घ्यायचं.
पानाच्या पाठीचा ठसा लख्ख उतरतो,
आधार केंद्रावर आईच्या अंगठ्याचा
कधीच उतरला नाही तसा.

काचेखाली बघते.
पहिल्या दिवशी सगळी तोंडं उघडी होती.
आज शंभरातली चौऱ्याण्णव मिटलेली.

कुणी सांगितलं त्यांना?
कुंडीतल्या मातीला भेग पडली, जंबेरीच्या मुळाला कळलं,
की पानालाच आधी उमगलं,
यावर शिकलेली माणसं अजून भांडतात.
निरोप मात्र एकच : ॲब्सिसिक ॲसिड.
चिमूटभरही नसतं.
भोकाच्या दोन बाजूंच्या दोन पेशी
त्याच्या एका शब्दावर फुगलेलं अंग सोडून देतात
आणि फट बुजते.

शालिक बोरकुटे, आमचा माळी, हे ऐकून म्हणाला,
"म्हणजे झाड दार लावून बसलं, मॅडम.
आपल्या महालात सारे बसतेत तसं."

हो, पण मिटणं फुकटात होत नाही, शालिक.
वाफ बाहेर जात नाही, तशी हवाही आत येत नाही,
आणि पानाची चूल हवेवरच पेटते.
तहान टाळायची तर भूक घ्यायची.
झाड हा सौदा रोज सकाळी नव्यानं करतं,
ऊन बघून.

"तान देता देता मारून नका टाकू बाप्पा त्याले,"
एवढं बोलून तो कूलरमध्ये पाणी भरायला गेला.
झाडांसमोरून बादली नेताना
त्यानं ती दुसऱ्या हातात घेतली,
भिंतीच्या बाजूच्या.

बाराव्या दिवशी संध्याकाळी पाणी दिलं.
कुंडीमागे दोन लिटर, मोजून.
माती आधी फुसफुसली, मग गप्प झाली.

आणि सकाळी शेडमध्ये पानांचा सडा.
अर्धी तर हिरवीच होती.
शालिक दारातच थांबला.
"पानी नव्हतं तवा धरून होतं,
पानी देल्लं अन् सोडलं? असं काऊन?"

असंच असतं.
कोरड्या दिवसांत मुळं एक गोष्ट साठवत राहतात,
वर पाठवायला वाहन नसतं, कारण वाहन म्हणजे पाणीच.
पाणी आलं की ती देठादेठाला पोचते,
पानात तिचा वायू होतो, इथिलीन,
कळमन्याच्या वखारीत केळी पिकवतो तोच,
आणि देठ जिथे फांदीला टेकतो
तिथे एक बारीक रेघ सुटत जाते.

मी हे त्याला सांगितलं. पुढचं नाही सांगितलं.

मेडिकलच्या व्हरांड्यात बत्तीस दिवस होते मी,
चटई, स्टोव्ह, रक्ताच्या चिठ्ठ्या.
कोरडी ठणठणीत. बायका म्हणायच्या, काळीज दगडाचं.
तेहेतिसाव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, घरी न्या, बरी आहे.
आईला ऑटोत बसवलं, पिशव्या मोजल्या, सात भरल्या,
आणि अजनीच्या पुलावर,
काहीच झालेलं नसताना,

ऑटोवाल्यानं आरसा दुसरीकडे वळवला.
आई विचारत होती, काय झालं ग,
आता तं सारं चांगलं झालं ना?

शालिक खराटा घेऊन आला.
थांब, म्हटलं.
मोजायची आहेत.